झाकलेला पूर्वग्रह आणि गेलेला पूर्वग्रह

गेल्या वर्षी मी माझ्या वर्गात एक लहानसा प्रयोग केला. गणिताच्या तासाला मी कोणाला प्रश्न विचारतो, याची नोंद ठेवण्याचे काम मी एका विद्यार्थ्याला दिले. वहीच्या पानावर मधोमध एक रेघ, एका बाजूला 'मुलगे', दुसऱ्या बाजूला 'मुली'. मी प्रश्न विचारला की त्या त्या रकान्यात एक खूण करायची. वर्गात मुलगे आणि मुली जवळजवळ सारखेच आहेत. म्हणून दोन्ही रकाने सारखेच भरतील याची मला खात्री होती. माझी आई निरक्षर राहिली ती केवळ मुलगी म्हणून, हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. अशा घरातून येऊन पदवीधर झालेला माणूस मुलींना मागे ठेवील, हे मला स्वतःबद्दल खरेच वाटले नसते.

पंधरा दिवसांनी वही पाहिली. मुलग्यांचा रकाना खुणांनी भरून गेला होता आणि मुलींच्या रकान्यात मोजक्याच खुणा होत्या. वहीने मला एका शब्दानेही दोष दिला नव्हता. तिने फक्त मोजले होते.

हा प्रयोग मी का केला, ते सांगतो. माणसाच्या भाषेवरून शिकणाऱ्या यंत्रांमध्ये माणसाचे पूर्वग्रह कसे उतरतात, ते कसे मोजतात आणि कसे कमी करतात, याविषयी मी त्या काळात वाचत होतो. विषय संगणकशास्त्राचा आहे, परंतु त्याच्या पोटात एक जुनाच नैतिक प्रश्न आहे: पूर्वग्रह दिसेनासा झाला म्हणजे तो गेला काय? आपल्या घरातील मुलेमुली आज नोकरीचे अर्ज संगणकावरून भरतात. पुष्कळ ठिकाणी तो अर्ज साहेबाच्या हाती पडण्याआधी यंत्र चाळते. म्हणून हा प्रश्न आपण समजून घेतला पाहिजे.

शब्दांचे गाव

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून शब्दाला आकड्यांचे रूप द्यावे लागते. तंत्रज्ञ याला 'एम्बेडिंग' म्हणतात. आपण त्याला शब्दाचे अंकरूप म्हणू. हे अंकरूप ठरते कसे? मी फळ्यावर लिहितो, 'आजीने चुलीवर ____ ठेवले.' मुले ओरडतात: पातेले, दूध, आधण. 'विमान' असे कोणीही म्हणत नाही. कोणत्या शब्दाच्या शेजारी कोणते शब्द बसतात हे त्यांना ऐकून ऐकून ठाऊक असते. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, असे फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1957 साली मांडले होते. यंत्र नेमके हेच करते. त्याला कोट्यवधी वाक्ये दिली जातात, आणि ज्या शब्दांचे शेजारी सारखे, त्यांना ते जवळजवळची अंकरूपे देते.

2013 साली गूगलमधील टोमास मिकोलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वर्ड टू व्हेक' ही पद्धत पुढे आणली. बातम्यांतील सुमारे 100 अब्ज शब्द वाचून सुमारे 30 लाख शब्द व शब्दसमूहांची अंकरूपे तयार झाली. प्रत्येक अंकरूपात 300 आकडे. कागदावरील गावाच्या नकाशाला पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोनच मिती असतात, आणि शब्दांच्या या गावाला 300 मिती आहेत, एवढाच फरक. या गावात प्रत्येक शब्दाचे एक घर आहे. 'डॉक्टर'च्या शेजारी 'दवाखाना' राहतो, 'नांगरा'च्या शेजारी 'बैल'. आजची यंत्रे सबंध वाक्याला किंवा परिच्छेदालाही असे घर देतात. तंत्र खूप पुढे गेले आहे, परंतु ज्यांची संगत सारखी ते जवळ, हे मूळ बदललेले नाही.

या गावात दिशांनाही अर्थ असतो. 'पुरुष' या घरापासून 'स्त्री'कडे जाण्याची जी दिशा, साधारण तीच 'राजा'पासून 'राणी'कडे जाण्याची. त्यामुळे यंत्राला त्रैराशिकासारखे प्रश्न घालता येतात. 2016 साली बोस्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील टोल्गा बोलुकबाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रश्न घातला: पुरुषाला जर संगणकाची आज्ञावली लिहिणारा म्हटले, तर स्त्रीला काय म्हणावे? यंत्राने उत्तर दिले: गृहिणी.

हे यंत्राला कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. त्याने केवळ बातम्या वाचल्या होत्या. गावात कोणाचे घर वेशीच्या आत आणि कोणाचे वेशीबाहेर, हेसुद्धा प्रत्येक मुलाला कोणी धड्यातून शिकवत नाही. ते जाता येता शिकले जाते.

मोजपट्टी

'मला तसे वाटते' एवढ्याने अन्याय सिद्ध होत नाही, म्हणून मोजपट्टी हवी. ती 2017 साली आयलिन चालिशकान, जोॲना ब्रायसन आणि अरविंद नारायणन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. माणसाच्या मनातील नकळत पूर्वग्रह तपासण्याची एक चाचणी मानसशास्त्रज्ञ 1998 पासून वापरत होते. तिच्यात माणूस दोन शब्दांची जोडी किती झटकन जुळवतो हे पाहतात. या संशोधकांनी त्याच शब्दयाद्या घेतल्या, आणि वेळाऐवजी शब्दांच्या अंकरूपांतील जवळीक मोजली.

रीत समजायला सोपी आहे. एका बाजूला फुलांची नावे घ्या, दुसऱ्या बाजूला किड्यांची. मग सुखद शब्दांची एक यादी आणि दुःखद शब्दांची एक यादी घ्या. फुले सुखद शब्दांच्या किती जवळ, किडे किती जवळ, याची सरासरी काढून वजाबाकी करा. मग हा फरक योगायोगाने तर आला नाही ना, हे पाहण्यासाठी नावांची पुन्हा पुन्हा सरमिसळ करून तोच हिशेब करा. सरमिसळ केल्यावर तेवढा फरक क्वचितच येत असेल, तर तो योगायोग नव्हे. फुले सुखद शब्दांजवळ निघाली. यात कोणाचे काही बिघडले नाही.

परंतु फुले आणि किडे यांच्या जागी त्यांनी अमेरिकेतील गोऱ्यांची नावे आणि काळ्यांची नावे घातली, तेव्हा तोच नमुना पुढे आला. गोऱ्यांची नावे सुखद शब्दांजवळ, काळ्यांची तुलनेने दुःखद शब्दांजवळ. केवळ नाव! ना त्या माणसाचे शिक्षण ठाऊक, ना स्वभाव.

नावाची किंमत काय असते हे माणसांच्या व्यवहारात आधीच मोजले गेले होते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी अमेरिकेत सारख्याच गुणवत्तेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे 50 टक्के अधिक बोलावणी आली. आपल्या देशात डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना असेच अर्ज धाडून 2007 साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पात्रता तीच, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाला पुढचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण 1 धरले, तर दलित नावासाठी ते 0.67 आणि मुस्लिम नावासाठी 0.33 निघाले. माणूस नाव वाचून जे करतो, ते त्याच्या लेखनात उतरते, आणि लेखनातून ते यंत्रात उतरते.

यंत्र खोटे कोठे बोलले?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आक्षेप असा: यंत्राने खोटे काय सांगितले? समाज जसा आहे तसाच त्याने दाखवला. आरशावर कशाला रागवायचे?

आक्षेपात तथ्य आहे. चालिशकान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 व्यवसायांचे शब्द घेतले, प्रत्येक शब्द स्त्रीवाचक शब्दांच्या किती जवळ ते मोजले आणि अमेरिकेत त्या व्यवसायात प्रत्यक्ष किती टक्के स्त्रिया आहेत याच्याशी ताडून पाहिले. सहसंबंध गुणांक 0.90 निघाला. पूर्ण मेळ असता तर तो 1 आला असता. म्हणजे यंत्राने जे टिपले त्यातील बराच भाग वस्तुस्थिती होती.

परंतु वस्तुस्थिती सांगणे आणि तिच्यावरून निवाडा करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कल्पना करा, 1848 साली पुण्यात असे यंत्र असते आणि तोवरचे सारे मराठी लेखन त्याने वाचले असते. 'शिक्षक' हा शब्द त्याने पुरुषाच्या शेजारी ठेवला असता, आणि 'स्त्री' व 'शाळा' यांच्यात मैलांचे अंतर ठेवले असते. त्या दिवसापुरते ते खरेही ठरले असते. आता त्याच यंत्राकडे शिक्षक निवडण्याचे काम दिले असते, तर सावित्रीबाई फुल्यांचा अर्ज ढिगाच्या तळाशी गेला असता, आणि यंत्र म्हणाले असते, माझी आकडेमोड बिनचूक आहे. आरसा भिंतीवर असतो तोवर तो आरसा. तोच न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवला की कालचे चित्र उद्याचा कायदा होऊन बसते.

मग दोष कोणाचा? तथागतांच्या शिकवणुकीत कर्माचे मूळ चेतनेत आहे, हेतूत आहे. यंत्राला चेतना नाही. ते द्वेष करत नाही आणि करुणाही करत नाही. म्हणून यंत्राला पापी ठरवणे हे अडाणीपणाचे होईल. परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. यंत्राला हेतू नाही, म्हणून कोणालाच हेतू नाही, असे म्हणून सारे हात झटकून मोकळे होऊ शकतात. लिहिणारा म्हणेल मी फक्त बातमी लिहिली, बनवणारा म्हणेल मी फक्त वाचून दाखवले, वापरणारा म्हणेल मी फक्त यंत्राचे ऐकले. अन्याय घडला, आणि करणारा मात्र सापडत नाही! न मोजता वापरणाऱ्याला एक वेळ अज्ञानाचा आधार घेता येईल. परंतु मोजपट्टी हाती आल्यानंतर जो मोजत नाही, त्याने न मोजणे निवडले आहे. निवड आली की चेतना आली, आणि चेतनेबरोबर जबाबदारी.

खोडरबर

मोजल्यावर दुरुस्तीचा प्रश्न येतो. बोलुकबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपायही सुचवला होता. 'तो-ती', 'पुरुष-स्त्री' अशा जोड्यांवरून शब्दांच्या गावातील पुरुष-स्त्री अशी एक दिशा शोधायची. 'आई', 'बाप', 'राणी' या शब्दांच्या अर्थातच लिंग आहे, त्यांना हात लावायचा नाही. परंतु 'डॉक्टर', 'परिचारक', 'ग्रंथपाल' अशा शब्दांच्या अर्थात लिंग नाही, म्हणून त्यांच्या अंकरूपातून त्या दिशेचा अंश वजा करून टाकायचा. मग ते शब्द पुरुष आणि स्त्री या दोघांपासून सारख्या अंतरावर येतात. परिणाम दिसला. यंत्राने जुळवलेल्या 150 जोड्या लोकांना दाखवल्या, तेव्हा दुरुस्तीपूर्वी 19 टक्के जोड्या बहुसंख्य परीक्षकांना साचेबंद पूर्वग्रहाच्या वाटल्या होत्या. दुरुस्तीनंतर ते प्रमाण 6 टक्क्यांवर आले.

काम झाले असे कोणालाही वाटले असते. परंतु 2019 साली हिला गोनेन आणि योआव गोल्डबर्ग या इस्रायलमधील दोन संशोधकांनी त्या दुरुस्त गावात पुन्हा फेरी मारली. दुरुस्तीपूर्वी पुरुषाकडे सर्वाधिक झुकलेले 500 आणि स्त्रीकडे सर्वाधिक झुकलेले 500 असे 1000 शब्द त्यांनी घेतले. यंत्राला लिंगाविषयी काहीही न सांगता, केवळ आपसांतील जवळिकीवरून त्यांचे दोन ढीग करायला सांगितले. यंत्राने ते जुन्याच वाटणीप्रमाणे 92.5 टक्के अचूक केले! दुरुस्तीपूर्वी हाच आकडा 99.9 होता.

असे का झाले? 'परिचारक' हा शब्द 'ती'पासून दूर सरकवला होता हे खरे. परंतु त्याच्या शेजारची जी घरे होती, स्वागतिका, आया, बालवाडीची बाई, तीसुद्धा त्याच्याबरोबर तशीच सरकली. शेजार मोडला नाही. पुसली गेली ती फक्त पाटी.

पाटी पुसणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रात आपल्याला वेगळे सांगायला नको. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. आपल्याच घराचा पत्ता लिहिताना कोणालाही मान खाली घालावी लागू नये. परंतु नाव बदलले म्हणून वस्ती गावाच्या मध्यभागी येत नाही. तीच घरे, तीच दिशा, तोच रस्ता. पाटी न वाचताही गाव ओळखते. पाटी बदलणे ही सुरुवात आहे. तिलाच शेवट समजले, तर उलट तोटा होतो, कारण पाटी पाहून अंतर मोजणाऱ्यालाही आता सारे ठीक आहे असे वाटू लागते.

याचा प्रत्यक्ष परिणामही मोजला गेला आहे. 2019 साली मारिया दे-आर्टेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजीतील सुमारे 4 लाख लोकांच्या लहान लहान परिचयांवरून 28 व्यवसाय यंत्राला ओळखायला लावले. मग परिचयांतून नावे काढली, 'तो' आणि 'ती' काढले. तरीही स्त्रिया आणि पुरुष यांना ओळखण्यातील फरक पूर्णपणे गेला नाही. इतर शब्दांतून तो झिरपत राहिला. ज्या व्यवसायात स्त्रिया आधीच थोड्या, तेथे त्या स्त्रियांना ओळखण्यात यंत्र अधिक चुकत होते. जे आधीच कमी आहेत त्यांना आणखी कमी करायचे, अशी ही रीत आहे. म्हणून 'आम्ही अर्जावर नाव पाहतच नाही' हे उत्तर पुरेसे नाही. न पाहणे म्हणजे समता नव्हे. उलट नाव आणि जात यांची नोंदच ठेवली नाही, तर कोणाचे अर्ज किती मागे पडले हे मोजायला साधनच उरत नाही.

काय पुसावे, काय ठेवावे

आता समजा सगळेच पुसून टाकता आले. 'दलित' या शब्दाचा 'अत्याचार', 'बहिष्कार', 'अन्याय' या शब्दांशी असलेला शेजार मोडून टाकला. ते बरे होईल काय?

थोडा विचार करा. एखादा वकील 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील निकाल संगणकावर शोधतो आहे. तेथे हा शेजार मोडणे म्हणजे पुरावाच पुसणे होय. तेथे यंत्राला आपला इतिहास ठाऊक असलाच पाहिजे. परंतु तेच यंत्र जेव्हा कारकुनाच्या जागेसाठी आलेले अर्ज लावते, तेव्हा अर्जदाराच्या वस्तीच्या नावावरून त्याला 'दारिद्र्य' आणि 'गुन्हा' आठवण्याचे काहीही कारण नाही. शेजार तोच, परंतु एका कामात ती स्मृती आहे आणि दुसऱ्या कामात तो कलंक आहे. म्हणून कोणत्या कामात, कोणाचे, काय नुकसान होते, हे आधी सांगितल्याशिवाय 'पूर्वग्रह कमी केला' या वाक्याला अर्थ राहत नाही. 2020 साली स्यू लिन ब्लॉजेट आणि सहकाऱ्यांनी या विषयावरील 146 शोधनिबंध तपासले, तेव्हा हीच उणीव पुष्कळांत आढळली. मोजले पुष्कळांनी, परंतु इजा कोणाला आणि कशी, हे स्पष्ट लिहिले थोड्यांनी.

परक्या समाजासाठी बनवलेली मोजपट्टी जशीच्या तशी उचलूनही चालत नाही. 2022 साली विजित मलिक आणि सहकाऱ्यांनी हिंदी शब्दांच्या अंकरूपांत लिंगाबरोबर जात आणि धर्म यांचेही पूर्वग्रह मोजले. 2016 च्या पहिल्या निबंधाचे एक लेखक काय-वेई चँग हे याही कामात होते. या अभ्यासाने दाखवले की भाषेचे व्याकरण आणि समाजाची घडण या दोन्हींचे भान ठेवूनच मोजावे लागते.

आपली मराठीच पाहा. तो फळा, ती खुर्ची, ते पुस्तक. खुर्ची स्त्रीलिंगी आहे म्हणून कोणी तिच्यावर अन्याय केला असे होत नाही. इंग्रजी मोजपट्टी मात्र व्याकरणालाही पूर्वग्रह समजेल. उलट 'डॉक्टर येतात' या वाक्यात आदरार्थी बहुवचन आहे, त्यावरून डॉक्टर पुरुष आहेत की बाई हे कळत नाही. तेथे लपलेला पूर्वग्रह तिच्या नजरेतून सुटेल. आडनावांचेही तसेच. अमेरिकेत नावांच्या दोन याद्या करता आल्या. आपल्याकडे गायकवाड हे बडोद्याच्या राजघराण्याचे आडनाव आहे, आणि 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात आघाडीवर असलेल्या दादासाहेबांचेही तेच आहे. जाधव, पवार, मोरे किती जातींत सापडतात! दूर बसून केलेल्या यादीला हे दिसत नाही. मराठीसाठी अशी अंकरूपे आज उपलब्ध आहेत. 2018 साली फेसबुकच्या संशोधकांनी 157 भाषांची अंकरूपे खुली केली त्यांत मराठी होती, आणि पुण्यातील एल-थ्री-क्यूब गटाने 2022 साली खास मराठी मजकुरावर शिकवलेली मॉडेले खुली केली. म्हणजे मोजण्याचे साहित्य कोणालाही मिळू शकते. हवा आहे तो मोजणारा, ज्याला गणितही येते आणि गावही ठाऊक आहे. अशी मुलेमुली आपल्या घरांतून पुढे यावीत, असे एक शिक्षक म्हणून मला वाटते.

निरोगी असल्याचा दाखला नाही

आणखी एक गोष्ट. या मोजपट्ट्यांची मर्यादा खुद्द संशोधकांनीच सांगितली आहे. 2019 साली चँडलर मे आणि सहकाऱ्यांनी शब्दांची चाचणी सबंध वाक्यांच्या अंकरूपांना लावली. निकाल संमिश्र आले. त्यांनी स्वच्छ सांगितले की अशी चाचणी पूर्वग्रह आहे हे दाखवू शकते, नाही हे दाखवू शकत नाही. 2021 साली सेराफिना गोल्डफार्ब-टॅरंट आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढचे दाखवले. अंकरूपांत मोजलेला पूर्वग्रह आणि प्रत्यक्ष कामात होणारा अन्याय यांचा भरवशाचा मेळ बसत नाही. म्हणजे केवळ मुळात मोजून भागत नाही, जेथे यंत्र माणसाबद्दल निर्णय घेते तेथे, त्या निर्णयाच्या जागी मोजले पाहिजे. तापमापक ताप दाखवतो. तो निरोगी असल्याचा दाखला देत नाही.

मग हे सारे व्यर्थ काय? मुळीच नाही. 2018 साली निखिल गर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 100 वर्षांच्या लेखनाची दशकवार अंकरूपे तपासली. 1960 नंतरच्या स्त्री चळवळीने शब्दांची घरे हललेली त्यांना दिसली. स्त्रिया प्रत्यक्षात कामाच्या ठिकाणी आल्या, तसे शब्दही सरकले. शब्दांचे गाव दगडाचे नाही. माणसे हलली की तेही हलते. खोडरबराने जे साधत नाही ते बदललेल्या जगण्याने आणि त्याविषयीच्या लेखनाने साधते. पण त्याला वेळ लागतो. तोवर निवाड्याच्या जागी पहारा ठेवावा लागतो.

शेवटी माझ्या वहीकडे येतो. मोजल्यावर मी लाजलो आणि उपाय केला. हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढायची आणि ज्याचा क्रमांक येईल त्याला विचारायचे. महिनाभरात दोन्ही रकाने सारखे झाले. मला समाधान वाटले, आणि शिक्षकांच्या खोलीत मी ते बोलूनही दाखवले.

या वेळी वही एका मुलीकडे दिली होती. महिन्याच्या शेवटी तिने ती माझ्यापुढे ठेवली. मी न सांगता तिने एक तिसरा रकाना आखला होता. ती म्हणाली, "सर, प्रश्न सारखेच विचारले. पण मुलींना तुम्ही पाढे विचारता आणि मुलग्यांना उदाहरणे घालता. मुलगा अडला की थांबता. मुलगी अडली की दुसरी चिठ्ठी काढता."

चिठ्ठीने माझा हात दुरुस्त केला होता. माझी दृष्टी जुन्याच जागी होती. आणि ते मला दिसले नाही, पहिल्या नोंदणाऱ्या मुलग्यालाही दिसले नाही. ज्यांना झळ लागत होती त्यांच्यातील एकीच्या हाती वही गेली, तेव्हा ते दिसले.

या साऱ्यातून मी एवढेच शिकलो. पूर्वग्रह कमी करण्याची पहिली पायरी मोजणे ही आहे. दुसरी, पुसल्यानंतर पुन्हा मोजणे. आणि तिसरी, ती मोजपट्टी ज्याला झळ लागते त्याच्या हाती देणे. यंत्र असो की शिक्षक, स्वतःच स्वतःला दिलेला निर्दोषपणाचा दाखला मान्य करू नये. माझ्या वर्गात ती वही आता दर महिन्याला नव्या हातात जाते, आणि तिच्यात नवा रकाना आखण्याची सर्वांना मोकळीक आहे.